डॉ. भाऊ दाजी लाड आणि भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने मला आज्ञा केली. मी काही लेखक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात गेलेली तीन तपे, एवढीच माझी शिदोरी. तथापि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयी लिहिण्यास मी तत्काळ रुकार दिला. कारण या महापुरुषाचे एक जुने ऋण माझ्या डोक्यावर आहे, आणि ते फेडण्याची संधी पुन्हा मिळेलच अशी खात्री या वयात देता येत नाही.

त्या ऋणाची हकीकत अशी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आमच्या शाळेची सहल दर हिवाळ्यात राणीच्या बागेत जात असे. हत्ती, वाघ, पाणघोडा पाहून मुले दमली म्हणजे उन्हे टळेपर्यंत आम्ही त्यांना शेजारच्या म्युझियममध्ये नेऊन बसवीत असू. आत अंधुक उजेड असे, कपाटांच्या काचांवर धूळ असे, छताला ओल आलेली दिसे. एका वर्षी चौथीच्या एका मुलीने दारावरील पाटी वाचून हे भाऊ दाजी कोण म्हणून विचारले. ते मोठे डॉक्टर होते, एवढेच मी सांगू शकलो. डॉक्टरचे नाव म्युझियमला कशासाठी, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मला आले नाही. आपल्याच ज्ञातीतील, आपल्याच गोमंतकातून आलेल्या पुरुषाविषयी आपल्याला काही ठाऊक नाही, याची त्या दिवशी मला लाज वाटली. पुढे ग्रंथालयांतून जे वाचावयास मिळाले, त्याच्या आधारे हे चरित्र सादर करीत आहे.

विठ्ठल लाड यांचे हे पुत्र १८२२ च्या सुमारास गोव्यातील मांद्रे या गावी जन्मले. वडिलांना दाजी म्हणत आणि मुलाला भाऊ. हीच दोन घरगुती नावे जोडली जाऊन पुढे साऱ्या मुंबईने त्यांना भाऊ दाजी म्हणून ओळखले आणि पाळण्यातले नाव मागे पडले. घरची परिस्थिती बेताची होती. पोर्तुगीज अंमलाखालील त्या मुलखात विद्येची सोय नव्हती, म्हणून कुटुंब मुंबईस आले. आपल्यापैकी किती घराण्यांची कथा याच वाक्याने सुरू होते! भाऊंनी एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच ते शिक्षक झाले. कच्छ व काठेवाड या प्रांतांत जन्मतःच मुलींना मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावर त्यांनी तरुणपणीच निबंध लिहून पारितोषिक मिळविले. शिक्षकाची स्थिर नोकरी हाती असताना ती सोडून पुन्हा विद्यार्थी होणे हे धाडसच म्हणावयाचे. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा भाऊंनी तेथे नाव घातले आणि १८५१ साली जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली तीत ते होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच मार्गाने डॉक्टर झाले. नारायणरावांना छायाचित्रणाची विद्याही उत्तम अवगत होती आणि त्या काळी ही विद्या हाती असलेले हिंदी लोक बोटांवर मोजण्याइतके होते.

डॉक्टर म्हणून भाऊंचे नाव थोड्याच वर्षांत सर्वतोमुखी झाले. श्रीमंतांच्या माड्या त्यांना मोकळ्या होत्या आणि गरिबांसाठी त्यांचा दवाखाना. महारोग्यांची सावलीही लोक टाळीत, त्या काळात त्यांनी या रोगावर उपचार शोधण्याचा ध्यास घेतला. कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा ते त्यासाठी उपयोग करीत. प्रयोग पुरे होण्याआधीच ते निवर्तले. तथापि याच वर्गातील झाडांचे तेल पुढे अनेक दशके जगभर या रोगावर वापरले जात होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

सार्वजनिक कार्याचा पसारा तर असा की, त्याची नुसती यादी करावयाची तरी पाने पुरणार नाहीत. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते चिटणीस. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, त्याच्या आरंभीच्या फेलोंपैकी ते एक. मुलींच्या शाळांना त्यांचा आधार होता. विष्णुदास भावे यांनी १८५३ साली मुंबईत नाटके केली, तेव्हा त्यांना साह्य करणाऱ्यांत हे होते. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा मुंबईच्या शेरीफपदाची माळ त्यांच्या गळ्यात पडली.

ज्ञातीच्या स्मरणिकेत एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १८६२ साली पत्रकार करसनदास मूळजी यांच्यावर एका वैष्णव महाराजांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. महाराजांच्या विरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून त्या समाजातील काही पुढाऱ्यांनी आधीच एकजूट केली होती आणि त्याबद्दल त्यांना न्यायालयात दंडही झाला होता. अशा वातावरणात डॉक्टर करसनदासांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले आणि वैद्य या नात्याने जे त्यांना ठाऊक होते ते त्यांनी शपथेवर सांगितले. करसनदास सुटले. ज्ञातीची शिस्त ज्ञातीच्या हितासाठी असते हे खरे. पण ती सत्याचे तोंड दाबू लागली तर काय करावे, हे आपल्या या पूर्वजाने करून दाखविले. आमच्यासारख्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांनी हा प्रसंग अधूनमधून आठवावा असे मला वाटते. असो.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

मुंबईत वस्तुसंग्रहालय असावे ही कल्पना युरोपातील प्रदर्शनांमधून आली. १८५१ साली लंडनला आणि १८५५ साली पॅरिसला मोठी प्रदर्शने भरली. हिंदुस्थानातून तेथे कापड, लाकूड, धातुकाम, धान्ये, खनिजे असे नाना प्रकारचे नमुने गेले. पॅरिससाठी जमविलेल्या वस्तूंचा एक जोडसंच मुंबईतच ठेवावा असे ठरून कोटातील टाउन बराकीत एक सरकारी संग्रहालय मांडण्यात आले. डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याची देखभाल पाहत. पण १८५७ चे बंड झाले आणि बराकीची जागा सैनिकांसाठी तातडीने हवी झाली. लष्करी हुकूम सुटला, आणि वर्षानुवर्षे खपून जमविलेले ते नमुने खिडक्यांतून बाहेर भिरकावले गेले! मुंबईच्या पहिल्या संग्रहालयाचा असा शेवट झाला. स्वतःची इमारत नसलेला संग्रह म्हणजे भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केलेला कुटुंबवत्सल गृहस्थ. घरमालकाची लहर फिरली की भांडीकुंडी रस्त्यावर.

जे काही वाचले त्याची निगा डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आली. हे ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक, हिंदी कारागिरीचे मोठे चाहते. १८५८ च्या डिसेंबरात नागरिकांची एक जाहीर सभा भरली. राणी व्हिक्टोरियाच्या नावे शहरात एक संग्रहालय आणि बाग उभारावी आणि त्यासाठी लोकांनी वर्गणी द्यावी असे तीत ठरले. नाना शंकरशेट यांच्यासारखा वजनदार पुढारी पाठीशी होता, डेव्हिड सासून यांच्यासारखा दानशूर व्यापारी होता. चिटणीस म्हणून दोन डॉक्टर नेमले गेले, बर्डवुड आणि भाऊ दाजी. सभा आणि संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अध्यक्ष हार घालून घेतो, देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते, आणि चिटणीस मात्र पावतीपुस्तक काखेत मारून दारोदार हिंडतो. ज्याने कधी गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली असेल त्याला या कामाचे मोल सांगण्याची गरज नाही. दिवसाचे रोगी पाहून झाल्यावर उरलेला वेळ डॉक्टरांनी या कामाला दिला.

भायखळ्याला जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बागही त्याच दिवशी खुली झाली. नकाशे विल्यम ट्रेसी यांनी काढले होते. आता दोनतीन वर्षांत काम संपेल असेच सर्वांना वाटले असणार.

पण तो काळ विलक्षण होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. वकील, डॉक्टर, कारकून सगळेच या वेडात सापडले. मजुरी आणि मालाचे भाव भडकले, तेव्हा वर्गणीच्या ठरीव रकमेत इमारत कशी पुरी व्हावी? आणि मग १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उजाडला आणि लक्षाधीश म्हणविणारे एका दिवसात दिवाळखोर झाले. ज्यांनी वर्गणीचे आकडे घातले होते त्यांच्यापैकी कितीकांना स्वतःचे घर सांभाळणे कठीण गेले असेल! भायखळ्याचे काम रखडले.

या वावटळीत भाऊ दाजीही सापडले होते. वैद्यकीच्या व्यवसायात जोडलेली त्यांची संपत्ती शेअरांच्या पायी गेली. चरित्रकाराने हा भाग झाकून ठेवावा असे मला वाटत नाही. इतका बुद्धिमान, इतका विवेकी पुरुषही त्या मोहाला बळी पडला. मात्र पुढे ते कसे वागले हे पाहण्याजोगे आहे. स्वतः बुडालेला मनुष्य दुसऱ्याच्या कामातून हळूच अंग काढून घेतो आणि कोणी त्याला दोषही देत नाही. डॉक्टरांनी सार्वजनिक कामातून अंग काढले नाही.

शिवाय एकेक सोबती गळत गेला. डेव्हिड सासून १८६४ साली वारले. बागेच्या दाराशी त्यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे आणि संग्रहालयात त्यांनी दिलेला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आहे. नाना शंकरशेट ३१ जुलै १८६५ रोजी, त्या काळ्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी गेले. बर्डवुड प्रकृती खालावल्यामुळे १८६८ साली विलायतेस परतले. मूळ चौघांपैकी मुंबईत राहिले ते एकटे भाऊ दाजी. नकाशे काढणारे ट्रेसीही निवर्तले होते, ते काम स्कॉट मॅक्लेलँड कंपनीकडे गेले. अखेर सरकारने हात दिला आणि कोनशिलेनंतर जवळजवळ दहा वर्षांनी, २ मे १८७२ रोजी, संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

इमारत पाहिली म्हणजे इतक्या वर्षांच्या खटपटीचे सार्थक वाटते. बाहेरून ती गंभीर, सरळ रेषांची, युरोपातील जुन्या पद्धतीची आहे. आत पाऊल टाकले की डोळे दिपतात. लांबच लांब उंच दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाचे बारीक नक्षीदार खांब, वर चहूबाजूंनी फिरणारा सज्जा, त्याला लोखंडी जाळीचे कठडे, पायाखाली रंगीत फरश्या. लोखंडाचे खांब दगडी खांबांपेक्षा सडपातळ असल्यामुळे जागा कमी अडवितात, उजेड कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि मांडलेली वस्तू सर्व बाजूंनी दिसते. मंदिराच्या गाभाऱ्यात अंधार शोभतो. संग्रहालयाचे काम निराळे. तेथे हस्तिदंत, चांदी, तांबे, मातीची भांडी, जुन्या मुंबईचे नकाशे, आणि निरनिराळ्या जातिजमातींची वेशभूषा व उद्योगधंदे दाखविणाऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. मुले याच बाहुल्यांपुढे सर्वांत जास्त रेंगाळतात, हा माझा अनुभव आहे.

संग्रह करण्याची ही वृत्ती भाऊंच्या रक्तातच होती. शिलालेखांचा आणि प्राचीन नाण्यांचा त्यांचा व्यासंग युरोपीय पंडितांनाही ठाऊक होता. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले. गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदाम्याचा जो प्रसिद्ध लेख आहे त्यावर काम केले. कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिला. आर्यभटाचा मूळ ग्रंथ लुप्तप्राय समजला जात असे. त्याच्या हस्तलिखित प्रती डॉक्टरांनी दक्षिणेतून मिळविल्या आणि त्यावरचे आपले टिपण १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वर्ष लक्षात घ्यावे. याच वर्षी मुंबईचा बाजार बुडाला होता. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनीच हाताशी धरले आणि लेखांच्या नकला करण्यासाठी देशभर धाडले. पुढे भगवानलाल स्वतःच जगन्मान्य संशोधक झाले. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील लेखांच्या नकलाही ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी याच सुमारास केल्या आणि त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने छापल्या. ज्या सभागृहात अशा विषयांची चर्चा चाले, तेथे भाऊ दाजी हे अग्रभागी असत. अंधेरीचे महाकाली आणि बोरिवलीचे कान्हेरी ही स्थळे आमच्या उपनगरवासीयांना पावसाळी सहलीपुरतीच आठवतात, हे जाता जाता खेदाने म्हणावेसे वाटते.

संग्रहालय उघडले तेव्हा डॉक्टरांची प्रकृती ढासळू लागली होती. अखेरीस अर्धांगवायूने त्यांना गाठले. १८७४ च्या मे महिन्यात, संग्रहालय खुले होऊन जेमतेम दोन वर्षे झाली असताना, त्यांचे देहावसान झाले. वय अवघे पन्नाशीच्या आसपास. त्यांची हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीत जतन झाली.

इमारतीवर नाव मात्र राणीचे आणि तिच्या पतीचे राहिले. एक शतकभर ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणूनच ओळखली गेली. मध्यंतरी १९२२ साली कोटात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची भव्य घुमटाची इमारत खुली झाली आणि जाणत्या लोकांचे पाय तिकडे वळले. महाराष्ट्रात अन्यत्रही नवी संग्रहालये झाली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तर १९३८ साली डोंगरावर स्वतंत्र इमारत बांधून आपली चित्रे व शिल्पे प्रजेसाठी मांडली. भायखळ्याचे म्युझियम मात्र बागेतील जनावरांचे शेजारी म्हणून उरले. १९७५ साली महापालिकेने त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. नाव आले खरे, पण छप्पर गळतच होते. मी मुलांना घेऊन जात असे ते याच काळात.

२००३ साली महापालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन दुरुस्ती सुरू झाली. विकास दिलावरी या वास्तुविशारदांनी जुने रंग शोधून काढले, नक्षीवर सोन्याचा वर्ख पुन्हा चढला, गळके छत दुरुस्त झाले. युनेस्कोने २००५ साली या कामाला आशिया व प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार दिला आणि जानेवारी २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. मी त्यानंतर गेलो, तेव्हा हीच ती इमारत काय, असा मला क्षणभर भ्रम झाला.

आता एक शंका येथेच बोलून दाखवितो. भाऊ दाजी आमचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. मीही वर म्हटलेच आहे. पण या इमारतीच्या मुळाशी पाहावे तर दैवज्ञ समाजातील नाना शंकरशेट आहेत, बगदादहून आलेले यहुदी सासून आहेत, इंग्रज बर्डवुड आहेत, आणि संशोधनात डॉक्टरांचा उजवा हात काठेवाडचा भगवानलाल होता. डॉक्टरांनी वर्गणी मागताना समोरच्याची जात पाहिली असती तर पायाही भरून झाला नसता. आपण त्यांचे नाव स्मरणिकेत छापतो ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न मला लिहिताना वारंवार पडला. निदान त्यांनी उभारलेली वास्तू आपल्या मुलाबाळांनी पाहिलेली असावी, एवढा अधिकार तरी आपण मिळवावा.

मुलुंड, घाटकोपरच्या मंडळींना भायखळ्याला जाणारी धीमी गाडी सरळ मिळते. अंधेरी, बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी. वाटेत माटुंग्याला डॉक्टरांच्या नावाचा रस्ताही आहे. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते याची आधी चौकशी करावी. भायखळा स्थानकाच्या पूर्वेस उतरून पायी जाता येते. म्युझियमबाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो मुलांना अवश्य दाखवावा. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. १८६४ च्या सुमारास तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. त्याचे तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून टाकले गेले. शेजारची इमारत अर्धवट उभी होती ती याच दिवसांत. पुढे १९१४ साली ते तुकडे जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. जवळ जाऊन पाहिले तर सांधे अजून दिसतात.